गाण्याखाली तिचं नाव असू द्या : लोकगीतं गोळा करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

गावोगाव फिरून बायकांची गाणी मोबाइलवर टिपून घेणारे तुम्ही, ती नव्या वाद्यमेळात बसवून यूट्यूबवर आणणारे तुम्ही, विद्यापीठात लोकसाहित्यावर प्रबंध लिहिणारे तुम्ही, आणि शहरातल्या रंगमंचावर 'मातीतली गाणी' म्हणून ती सादर करणारेही तुम्हीच. हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे. मला एका बाईंबद्दल सांगायचंय. ते सांगून झालं की एक मागणं आहे. ते तुम्ही ऐकाल असं मला वाटतं, कारण या गाण्यांवर तुमचा जीव आहे हे मी पाहिलेलं आहे.

१९८७ च्या जून महिन्यात भोरच्या डोंगरातल्या एका वाडीवर मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले. बावीस वर्षांची होते. एसटी खालच्या गावापर्यंत यायची, तिथून पुढे तासभर चढण. शाळा म्हणजे एक खोली आणि तिच्यात चार वर्ग. राहायला एका घराची पडवी मिळाली. पहिल्या रात्री पाऊस असा कोसळत होता की मी रडले ते माझं मलाही ऐकू आलं नाही.

पहाटे जाग आली ती घरघरीनं. भिंतीपलीकडच्या घरात जातं चालू होतं, आणि त्या घरघरीवर एका बाईचा आवाज. अर्धवट झोपेत मी ऐकत राहिले. पांडुरंग आला, भाऊ आला, भाऊबीजेची वाट आली. दळण संपत आलं तसं अचानक माझं नाव आलं. मग माझ्या आईचं नाव, मग माझ्या गावाचं. मी उठूनच बसले. त्या बाईंनी मला अजून पाहिलंही नव्हतं. आदल्या संध्याकाळी घरमालकिणीकडून त्यांनी माझं नावगाव विचारून घेतलं होतं. तुझी लेक लांब डोंगरात आलीय, तिला इथं निवाऱ्यात झोप लागलीय, असं त्या माझ्या आईला सांगत होत्या. नेमके शब्द मला आज आठवत नाहीत, आणि आठवत नाहीत तिथं मी माझे शब्द घालणार नाही.

वाडी त्यांना आक्का म्हणते. मीही तेव्हापासून आक्काच म्हणते, आणि त्या मला 'बाई' म्हणतात, शाळेतल्या बाई म्हणून. त्यांचं पूर्ण नाव मला अर्थातच माहीत आहे. ते या पत्रात का नाही, ते पुढे येईल.

आधी त्यांच्या गाण्याबद्दल. आक्कांचा आवाज गोड म्हणावा असा नाही. थोडा घोगरा आहे, छातीतून येतो, आणि वर गेला की किंचित फाटतो. पण तो फाटतो तिथंच ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. ओवीची पहिली ओळ त्या एका दमात म्हणतात. दुसरी निम्म्यावर थांबवतात. मी हा थांबा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, पुढचं विसरल्या. शेजारी जाऊन बसले तेव्हा कळलं. एक हात खुंट्यावर असतो, दुसऱ्या हातानं मूठभर दाणे जात्याच्या तोंडात घालायचे असतात. ते घालताना अंगाचा जोर क्षणभर सुटतो, जातं सावकाश होतं, घरघर पातळ होते, आणि गाणं तिथं थांबतं. दाणे दगडाखाली गेले की घरघर पुन्हा भरून येते, आणि तिच्यावर उरलेली अर्धी ओळ येते. तो थांबा म्हणजे गाण्यातली रिकामी जागा नाही, त्यात दाणे पडत असतात.

माझी एक मैत्रीण शास्त्रीय संगीत शिकलेली. ती एकदा सुट्टीत माझ्याकडे आली आणि वही घेऊन आक्कांच्या ओवीच्या मात्रा मोजायला बसली. दोन दिवस प्रयत्न केला, पण हिशेब काही जुळेना. कधी थांबा दोन मात्रांचा, कधी साडेतीनचा. शेवटी आक्काच म्हणाल्या, "आगं, मूठ काय दर येळंला सारखी भरती व्हय?" मैत्रिणीनं वही मिटली आणि नुसती ऐकत बसली. नंतर मला म्हणाली, इतकी वर्षं मी ताल बाहेरून मोजत आले, या बाईंचा ताल हातातून येतो.

पुढे वाडीखाली गिरणी आली. घरोघरची जाती परसात गेली, काही उलटी पडली, एका घरी तर जात्याच्या तळीवर बंब ठेवलेला मी पाहिला. हळदीला, लग्नाला तेवढी जात्याची पूजा व्हायची. बायकांनी कष्ट वाचल्याचा आनंदच मानला, आणि मानायलाच हवा होता. पहाटे तीनला उठून पाच-सहा शेर धान्य दळणं काय असतं ते मी बघितलंय, म्हणून जातं गेलं याचे गळे मी काढणार नाही. पण आक्कांनी डाळी भरडायला आपलं जातं ठेवलं, आणि ओवी भातलावणीत नेली, खुरपणीला नेली. जातं नसताना त्या गातात तेव्हाही त्यांचा उजवा हात गुडघ्यावर गोल फिरत असतो. आणि थांबा अजून तिथंच येतो.

आता त्यांच्या देण्याबद्दल, कारण मला खरं तर तेच सांगायचंय.

ओवीत नाव घालायची रीत जुनी आहे. बाई आपल्या भावाचं, लेकाचं, नवऱ्याचं नाव ओवीत गुंफते, माहेरच्या गावाचं घालते. आक्कांनी ही रीत आपल्या घरापुरती ठेवली नाही. वाडीत नवी सून आली की पहिल्या आठवड्यात तिच्या माहेरचं नाव आक्कांच्या ओवीत यायचं. कुठल्या कुठून आलेली सतरा-अठरा वर्षांची पोर, सासरी जिला 'ए' म्हणून हाक मारत, तिच्या आईचं नाव पहाटे साऱ्या आळीला ऐकू जायचं. ज्यांना मूल नव्हतं त्यांची नावं यायची. नवरा टाकून गेलेल्या एकीचं तर दर सोमवारी यायचं, का ते मला कधी कळलं नाही. बांधावरून ज्या घराशी तीन वर्षं बोलणं बंद होतं, त्या घरातली म्हातारी वारली, तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या नावाच्या ओव्या झाल्या. मधल्या भिंतीपलीकडून तिच्या सुनांच्या रडण्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

आक्का शिकवायच्याही तशाच. कुणी आलं, बसलं, म्हणालं की आक्का मला ही सांगा, तर लगेच. एकदा मी विचारलं, "आक्का, ही ओवी तुमची का?" तर म्हणाल्या, "माझी कशाची? काई आईकडनं आल्या, काई आत्याबाईनं दिल्या, दोन-चार जात्यानं दिल्या." जात्यावर बसलं की ओवी सुचते असं आपण सहज म्हणून जातो. आक्कांना ते शब्दशः खरं वाटतं, जात्यानं दिलं असंच त्या म्हणतात. आणि जे दिलेलं आहे ते पुढं द्यायचं, यात त्यांना मोठेपणा असा काही वाटतच नाही.

एकदा तालुक्याला ओव्यांची स्पर्धा होती. आक्का आणि वाडीतल्या सहा जणी गेल्या आणि पहिला नंबर आला. बक्षीस पाच हजार रुपये. मी सोबत होते. परतीच्या एसटीत आक्कांनी मला हिशेब करायला लावला, आठ वाटे करा म्हणाल्या. गाणाऱ्या सात जणी होत्या. आठवी कोण, तर एक पाठीत पोक आलेली म्हातारी, जिला स्टेजवर चढता येईना म्हणून ती खाली सगळ्यांच्या पिशव्या आणि चपला सांभाळत बसली होती. "ती बसली म्हनून आमी निवांत गायलो की." प्रत्येकीला ६२५ रुपये आले. त्या म्हातारीनं पैसे तिथंच पदराच्या गाठीला बांधले आणि वाडी येईपर्यंत गाठ मुठीत धरून बसली.

आता एका ओवीची गोष्ट. १९८९ च्या श्रावणात आक्कांची धाकटी मुलगी तापानं गेली. दुसरीत होती, माझ्या वर्गात. ओढ्याला पूर आलेला, खाली उतरायला वाट नाही, तिसऱ्या दिवशी डोली करून नेलं तोवर उशीर झाला होता. हजेरीपटावर तिच्या नावापुढं मी लाल रेघ मारली, तेव्हा हात थरथरला होता ते अजून आठवतं. त्यानंतर दोन महिने आक्कांच्या घरून पहाटे नुसती घरघर यायची. गाणं नसायचं. दसऱ्याच्या आसपास एक दिवस आवाज आला.

सरलं दळण, बाई, सुपात काही न्हाई
लेकीच्या नावाचा दाणा जात्यात राही

एवढीच ओवी. तीच पुन्हा पुन्हा. 'दाणा' या शब्दाआधी थांबा यायचा, आणि दळण खरोखरच सरलेलं असायचं, त्यामुळे त्या थांब्यात जात्यात घालायला मूठ नसायची. रिकामंच जातं फिरायचं. मी पडवीत बसून ऐकायचे. त्या दोन ओळींवर मी आजवर कुणापाशी बोलले नव्हते.

२०१६ च्या दिवाळीत माझ्याकडे नवा मोबाइल होता. आक्कांच्या ओसरीवर बसून मी चाळीसेक ओव्या त्यात टिपल्या. तीही त्यात होती. मग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवल्या, एका जुन्या विद्यार्थ्याला पाठवल्या, त्यानं आणखी कुणाला. फाईलला नाव दिलं होतं 'जात्यावरच्या ओव्या' आणि पुढे तारीख. गाणाऱ्या बाईंचं नाव मी लिहिलं नाही. आयुष्यभर मुलांना पाटीवर, वहीवर, पेपरवर पहिल्यांदा आपलं नाव लिहायला शिकवणारी मी, मला ते सुचलं नाही. पुढं जे झालं त्याची सुरुवात माझ्यापासून आहे, हे मला आधी कबूल केलं पाहिजे.

दोन वर्षांपूर्वी भाचीनं मला एक गाणं ऐकवलं. गिटार होती, सुंदर बासरी होती, आणि मग आक्कांचा आवाज. माझ्या मोबाइलमधला, मागं ओसरीवरच्या कोंबडीचा आवाजसुद्धा तोच. पहिल्यांदा ओवी त्यांच्या आवाजात येते आणि मग एक तरुण मुलगी ती उचलते. छान गाते ती मुलगी. पण तिच्या तोंडी 'लेकीच्या' जागी 'साजणाच्या' आहे. मधला थांबा कापून टाकलेला आहे, म्हणजे ठेका अडत नाही. गाण्याखाली वादकांची नावं आहेत, मिश्रण करणाऱ्याचं आहे, चित्रीकरण करणाऱ्याचं, वेशभूषेचं आहे. गीत आणि मूळ स्वर या दोहोंपुढे एकच शब्द : पारंपरिक.

मी वाडीवर गेले. आता आक्का अठ्ठ्याहत्तरच्या आहेत, कानानं कमी ऐकतात, म्हणून सोबत छोटा स्पीकर नेला. त्यांनी गाणं तीनदा लावायला सांगितलं. पहिल्यांदा त्यांचा स्वतःचा आवाज आला तेव्हा लाजून तोंडाला पदर लावला. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "पोरीचा गळा चांगला हाय. आन् त्यो बासरीवाला, त्याला म्हनावं लई ग्वाड वाजिवलं." तिसऱ्यांदा गाणं संपल्यावर गप्प बसल्या. मग मला विचारलं, "बाई, लेक कुटं गेली?"

मला उत्तर देता येईना. मी सांगितलं, शब्द बदललाय. त्या म्हणाल्या, "इचारलं असतं तर दुसरी दिली असती की. साजनाच्या बी हायत्या माझ्याकडं, धा देत्ये. हीच का घ्याची?" त्यात राग नव्हता, त्यांना खरंच कोडं पडलं होतं. ज्या बाईनं आयुष्यात कुणाला ओवी द्यायला नाही म्हटलं नाही, तिच्याकडून न विचारता का घ्यावं लागलं, हे त्यांच्या ध्यानात येत नव्हतं.

मी त्या तरुण संगीतकाराला फोन केला. तो सभ्यपणे बोलला, त्याचं वाईट मला मुळीच म्हणायचं नाही. त्याला ओवी कुणाची हे ठाऊकच नव्हतं, कारण मी ते लिहिलं नव्हतं. आता लिहा म्हटल्यावर तो म्हणाला, मॅडम, लोकगीत सगळ्यांचं असतं, पारंपरिक असंच लिहितात. फार तर 'भोर परिसर' असं घालतो.

तेव्हापासून मी या एका शब्दाचा विचार करतेय. पारंपरिक. परंपरा आपोआप पुढे येत नाही. तिच्यात प्रत्येक पायरीवर एक बाई बसलेली असते, तिला नाव असतं, तिचा गळा असतो, आणि तिनं आधीच्या ओवीत काहीतरी घातलेलं किंवा बदललेलं असतं. आक्कांच्या आईनं, आत्यानं, आक्कांनी. हे नाव गाळायची आपली सवय मात्र फार जुनी आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वरानं 'मानसोल्लास' या ग्रंथात नोंदवून ठेवलंय की महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात. नऊशे वर्षांपूर्वीची ही साक्ष आपण अभिमानानं सांगतो. त्यातही 'स्त्रिया' एवढंच आहे. जनाबाई वेगळी ठरली, कारण तिनं आपल्या अभंगात 'नामयाची जनी' अशी स्वतःची मुद्रा घातली, तिचं नाव पुसायची सोयच ठेवली नाही. जात्यावर ओवी गाणाऱ्या किती जणींना ते जमलं?

आणि बहिणाबाई चौधरी. अक्षर न येणाऱ्या, शेतात आणि घरात काम करता करता गाणाऱ्या. त्यांची गाणी मुलानं, सोपानदेवांनी जपून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, त्यानंतर ती आचार्य अत्र्यांपुढे आली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. कागद हरवला असता तर गाणी गेलीच असती. पण मला दुसरी एक शक्यता जास्त छळते. समजा गाणी राहिली असती आणि नाव गेलं असतं. मग जळगावकडच्या बायका गातात अशी काही गाणी म्हणून आपण ती ऐकली असती, खाली 'पारंपरिक, खानदेश' असं लिहून. बहिणाबाई नावाची एक कवयित्री आपल्याकडे होऊन गेली हे आपल्याला कळलंच नसतं.

हे नीट करता येतं, करून दाखवलेलं आहे. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी पुण्याजवळच्या मुळशीच्या डोंगरापासून सुरुवात करून सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या गोळा करताना वाडीवाडीतल्या बायका नुसत्या गाणाऱ्या राहिल्या नाहीत, गोळा करणाऱ्याही झाल्या. पुढे २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानं त्या ओव्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली, तेव्हा ओवीबरोबर बाईंचं नाव दिलं, गाव दिलं, मुलंबाळं किती, काय काम करतात तेही दिलं, फोटो दिला. ते पान उघडलं की आधी बाई दिसते आणि मग तिची ओवी ऐकू येते. इतक्या ओव्यांच्या बाबतीत हे करता येतं, तर एका गाण्याखाली एक ओळ लिहायला अडचण काय असावी?

तुमच्यातल्या काहींना कायद्याचा प्रश्न पडेल, म्हणून तेही सांगते. लोकगीत कुणा एकाच्या मालकीचं नसतं हे खरं. पण गाणाऱ्या व्यक्तीचा आपल्या गायनावर हक्क असतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचे हक्क म्हणून ते मांडलेले आहेत आणि ते ५० वर्षं टिकतात. २०१२ च्या दुरुस्तीनं त्यात आणखी भर पडली : आपल्या सादरीकरणाबरोबर आपली ओळख दिली जावी हा हक्क, आणि नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड झाली तर तिला हरकत घेण्याचा हक्क. गायक म्हणजे मंचावरचाच, असं कायदा म्हणत नाही. ओसरीवर गाणारी आक्काही त्यात येते. कोर्टाची भीती घालायला हे लिहिलेलं नाही. आक्का कधी कोर्टात जाणार नाहीत, आणि मीही त्यांना पाठवणार नाही. आपण ज्याला सौजन्य समजतो ते खरं तर तिचं देणं लागतो, एवढं कळावं म्हणून लिहिलं.

मागणं साधं आहे. गाणं टिपून घ्याल तेव्हा तिथल्या तिथं, पहिल्या सेकंदाला, गाणाऱ्या बाईंना स्वतःच्या तोंडानं नाव, गाव आणि ओवी कुणाकडून आली ते सांगायला लावा. आवाजातच असू द्या, म्हणजे फाईल कुठंही गेली तरी नाव सोबत जाईल. माझ्यासारखी चूक मग होणार नाही. शब्द बदलायचा असेल तर विचारा. बहुतेक वेळा ती हो म्हणेल, वर दुसरे चार शब्द सुचवेल. एखाद्या वेळी नाही म्हणेल, तेव्हा त्या नाहीमागं काहीतरी असतं. थांबा कापू नका. तुमचा ठेका त्याच्याभोवती फिरवून बघा, कलावंत आहात, तुम्हाला जमेल. चार पैसे मिळाले तर तिचा वाटा पोचवा, पिशव्या सांभाळणारीचासुद्धा. आणि तयार झालेलं गाणं परत गावात घेऊन या. ज्या ओसरीवरून नेलं तिथं बसून तिला ऐकवा. आक्कांनी पदर तोंडाला लावला तो क्षण मी एकटीनं पाहिला. तो तुमच्या वाट्याला यायला हवा होता.

आता आक्कांच्या नावाबद्दल. हे पत्र लिहायच्या आधी मी त्यांना विचारायला गेले होते. म्हटलं, आक्का, सगळं लिहितेय, तुमचं नाव घालू ना? त्या सुपातली डाळ पाखडत होत्या. बराच वेळ पाखडत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाव गान्याखाली असूंदे, बाई. भांडनात नको." मी म्हटलं, हे भांडण नाही. तर हसल्या, "तुमी लिवताय म्हंजी थोडं तरी असंलच." म्हणून इथं नाही. गाण्याखाली मात्र त्यांना हवं आहे, आणि ती ओळ कोऱ्या जागेवर लिहायला तो संगीतकार जेव्हा तयार होईल तेव्हा मी त्याला नाव सांगेन. लेकीचंही, कारण ती ओवी तिची आहे.

तुमच्यापैकी कुणाला वाडीवर यायचं असेल तर या. आता वरपर्यंत रस्ता झालाय. भातलावणीचे दिवस सोडून कधीही या, त्या दिवसांत आक्का अजून चिखलात असतात. गाणी भरपूर मिळतील, साजणाचीही मिळतील. चहा घेतल्याशिवाय सुरुवात होत नाही. आणि तुम्ही रेकॉर्डर काढायच्या आधी त्या तुम्हाला तुमच्या आईचं नाव विचारतील. ते नीट, मोठ्यानं सांगा, त्यांना आता कमी ऐकू येतं.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका